तिजोरी बंद केली म्हणून भ्रूण वाचत नाहीत

भ्रूणातून काढलेल्या मूलपेशींवरच्या संशोधनाला सरकारने पैसा द्यावा की नाही, हा अमेरिकेतला पंचवीस वर्षांहून जुना वाद. आपल्याकडे हा विषय निघाला की दोन मिनिटांत गॅलिलिओ हजर होतो. चर्च तेव्हाही विज्ञानाच्या आड आलं, आताही येतंय, विषय संपला. विरोधकांची मांडणीही तितकीच ढोबळ असते: पाच दिवसांचा भ्रूण म्हणजे बाळ, त्यातून पेशी काढणं म्हणजे खून, आणि खुनाला करदात्याचा पैसा नको. इतक्या वर्षांत या दोन बाजूंनी एकमेकींना खऱ्या अर्थाने उत्तर दिलंय असं क्वचितच दिसतं. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. धार्मिक विरोधकांना हा प्रश्न नैतिक प्रश्न म्हणून चव्हाट्यावर मांडण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि त्यांचे काही मुद्दे खरोखर वजनदार आहेत. पण ‘म्हणून सरकारी निधी थांबवा’ हा त्यांचा निष्कर्ष त्यांच्याच मुद्द्यांतून निघत नाही. निधी थांबवल्याने एकही भ्रूण वाचत नाही. सार्वजनिक देखरेख मात्र जाते.

आधी काय घडलं ते पाहू. नोव्हेंबर १९९८मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या काढून प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. फलनानंतर पाच-सहा दिवसांचा भ्रूण म्हणजे शंभर-दीडशे पेशींचा पोकळ गोळा. त्याच्या आत पेशींचा एक पुंजका असतो आणि त्यातून शरीराचा कुठलाही भाग घडू शकतो. तो काढला की भ्रूण उरत नाही, पण काढलेल्या पेशी वर्षानुवर्षं वाढवता येतात. एका भ्रूणापासून चालत आलेल्या अशा पेशींच्या मालिकेला सेल लाइन म्हणतात. थॉमसन यांनी वापरलेले भ्रूण टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांसाठी तयार झालेले आणि जोडप्यांनी संमतीने दिलेले होते. या कामाला केंद्र सरकारचा एक डॉलरही लागला नव्हता, कारण लावताच आला नसता. १९९६पासून दर वर्षीच्या खर्चाच्या विधेयकाला डिकी-विकर नावाचं कलम जोडलं जातं: ज्या संशोधनात मानवी भ्रूण नष्ट होतो त्याला केंद्राचा पैसा नाही. क्लिंटन यांच्या काळात सरकारी वकिलांनी अर्थ लावला की पेशी काढण्याला पैसा नाही, पण आधीच काढलेल्या पेशींवरच्या अभ्यासाला देता येईल. ९ ऑगस्ट २००१ रोजी जॉर्ज बुश यांनी टीव्हीवरून जाहीर केलं की त्या दिवसापर्यंत तयार झालेल्या सेल लाइनवरच्या कामालाच पैसा मिळेल, नंतरच्या नाही. ही तारखेची अट ओबामांनी मार्च २००९मध्ये काढली. डिकी-विकर मात्र त्यांच्याही काळात कायम राहिलं. म्हणजे भ्रूणातून पेशी काढण्याच्या कृतीला अमेरिकेच्या केंद्र सरकारने यातल्या एकाही टप्प्यावर पैसा दिलेला नाही. वाद ऐकताना ही गोष्ट कुणाच्या ध्यानातच येत नाही.

आता गॅलिलिओ. धर्म विरुद्ध विज्ञान असा हिशोब सोयीचा आहे, पण इतिहास त्यात बसत नाही. १७२१मध्ये बोस्टनमध्ये देवीची साथ आली तेव्हा टोचून घेण्याचा आग्रह धरणारा माणूस कॉटन मेदर हा कडवा प्युरिटन धर्मोपदेशक होता, आणि त्याला कडाडून विरोध करणारा विल्यम डग्लस हा गावातला एकमेव पदवीधर डॉक्टर होता. मेदरच्या घरात त्या काळात कुणी पेटता गोळाही फेकला. अमेरिकेतली गुलामगिरीविरोधी चळवळ बायबलच्या भाषेत बोलत होती. मार्टिन ल्यूथर किंग धर्मोपदेशक होते आणि प्रवचनाचीच भाषा घेऊन ते रस्त्यावर उतरले. त्या भाषणांना टाळ्या द्यायच्या आणि भ्रूणाचा प्रश्न आला की ‘श्रद्धा घरी ठेवून या’ म्हणायचं, हे कुठल्या न्यायात बसतं? शिवाय बुश यांनी नेमलेल्या जैवनीती परिषदेत रॉबर्ट जॉर्ज यांच्यासारखे कॅथलिक विचारवंत जो युक्तिवाद करत होते त्याला बायबलच्या आधाराची गरजच नव्हती. तो गर्भशास्त्रावर उभा होता, आणि त्याला उत्तरही तिथेच द्यायला हवं.

तो युक्तिवाद असा. फलनानंतर जो जीव तयार होतो तो आईपासून आणि बापापासून वेगळा आहे, मानवी आहे, आणि पुढच्या सगळ्या वाढीची दिशा त्याच्या आतच आहे. पाच दिवसांपासून पाच वर्षांपर्यंत कुठेही अशी रेघ नाही की जिच्या अलीकडे ‘वस्तू’ आणि पलीकडे ‘माणूस’ म्हणता येईल. मग ताकदवानांनी सोयीनुसार रेघ का मारावी? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माणसांची प्रतवारी लावून काहींना प्रयोगाच्या टेबलावर घेणाऱ्या विसाव्या शतकाची आठवण त्यामागे आहे. जर्मनीचा १९९०चा भ्रूणसंरक्षण कायदा युरोपात इतका कडक आहे तो याच आठवणीमुळे.

पण स्पष्ट रेघ नाही याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. पहाट आणि दुपार यांच्यामध्ये रेघ नसते, म्हणून पहाटेला कुणी दुपार म्हणत नाही. पाच दिवसांच्या भ्रूणात चेतापेशी नाही, वेदना नाही, आणि तो एकच जीव होणार हेही ठरलेलं नाही. साधारण चौदाव्या दिवसापर्यंत तो दुभंगून त्याची जुळी होऊ शकतात. जो अजून ‘एक’ही ठरलेला नाही त्याला व्यक्ती म्हणायचं कसं? १९८४मध्ये ब्रिटनमध्ये तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने चौदा दिवसांची मर्यादा सुचवली ती याच विचाराने. निसर्गात फलन झालेल्या भ्रूणांचा मोठा हिस्सा गर्भाशयात रुजतच नाही, हेही खरं. यावर विरोधक म्हणतात की पूर्वी अर्भकंही मोठ्या संख्येने दगावत, म्हणून त्यांना मारायची मुभा मिळत नव्हती. बरोबर आहे. पण अर्भकं दगावत होती तेव्हा समाजाने दवाखाने काढले, दाया शिकवल्या, पाणी स्वच्छ केलं. न रुजणाऱ्या भ्रूणांच्या मृत्यूला जगातली सर्वांत मोठी साथ मानून ती थांबवण्यासाठी उभी राहिलेली एखादी धार्मिक चळवळ माझ्या पाहण्यात नाही. आणि ते रुजत का नाहीत हे शोधायचं ठरवलं तरी भ्रूणांवरच संशोधन करावं लागेल.

खुद्द धर्मपरंपराही या बाबतीत एकमुखी नाहीत. तेराव्या शतकातले कॅथलिक धर्मचिंतक थॉमस अक्वायनस ॲरिस्टॉटलच्या मागे जाऊन मानत की गर्भात मानवी आत्मा काही आठवड्यांनी येतो. चर्चच्या कायद्यातला आकार आलेल्या आणि न आलेल्या गर्भातला भेद शिक्षेपुरता १८६९पर्यंत टिकला. चर्चने गर्भपात त्या काळातही पापच मानला होता, हे त्यांचं म्हणणं मान्य करायला हवं. पण पाप आणि मनुष्यहत्या यांत ते फरक करत होते, एवढंही मान्य व्हायला हवं. ज्यूंच्या तालमूद या धर्मग्रंथात चाळीस दिवसांपर्यंतचा गर्भ म्हणजे केवळ पाणी असं म्हटलं आहे, आणि थॉमसन यांच्या पहिल्या शोधनिबंधात इस्रायली शास्त्रज्ञ सहलेखक आहेत. इस्लाममध्ये एकशेवीस दिवसांनी आत्मा येतो असं मानणारा मोठा प्रवाह आहे, आणि इराणसारख्या धर्मसत्ताक देशात रोयान संस्थेने भ्रूणीय मूलपेशींवर काम केलं. अमेरिकेतही मॉर्मन श्रद्धेचे, गर्भपाताचे कट्टर विरोधक सिनेटर ऑरिन हॅच या निधीच्या बाजूने उभे राहिले. आईच्या पोटातला गर्भ आणि फ्रीझरमधला भ्रूण यांत त्यांना फरक दिसत होता. जेव्हा ‘धर्म’ हा शब्द वापरून निधी अडवला जातो तेव्हा प्रत्यक्षात काही धर्मपंथांचं मत बाकीच्या धार्मिकांवरही लादलं जातं.

यावर कॅथलिक विचाराचं सर्वांत सूक्ष्म उत्तर असं: आत्मा कधी येतो हे आम्हालाही निश्चित माहीत नाही, पण शंका असेल तर जिवाच्या बाजूने चुकावं. झुडपामागे हललेलं जनावर आहे की माणूस हे कळत नसेल तर शिकाऱ्याने बाण सोडू नये. मला हा त्यांचा सर्वांत चांगला युक्तिवाद वाटतो. पण तो खरा मानला तर तो मूलपेशींच्या प्रयोगशाळेशी थांबू शकत नाही. २००३मध्ये रँड संस्थेच्या पाहणीत अमेरिकेत सुमारे ४ लाख भ्रूण गोठवलेले आढळले. त्यांपैकी संशोधनासाठी दिलेले ३ टक्क्यांहूनही कमी होते. बाकीचे जोडप्यांच्या निर्णयाची वाट पाहत होते, आणि नको झालेले भ्रूण वितळवून टाकून देण्याची मुभा बहुतेक राज्यांत तेव्हाही होती, आजही आहे. व्हॅटिकन या बाबतीत सुसंगत आहे; १९८७पासून त्याने टेस्ट ट्यूब बेबीच्या पद्धतीलाही विरोध केला आहे. पण अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंट, राजकारणाने वर्षानुवर्षं काय केलं? सदर्न बॅप्टिस्ट परिषदेने भ्रूणीय मूलपेशी संशोधनाविरुद्ध ठराव केला १९९९मध्ये. टेस्ट ट्यूब उपचारांतल्या भ्रूणांबद्दल स्वतंत्र ठराव व्हायला २०२४ उजाडलं.

जुलै २००६चा प्रसंग आठवावा. संसदेने मंजूर केलेलं विधेयक एवढंच म्हणत होतं की उपचारांतून उरलेले, अन्यथा टाकून दिले जाणारे, जोडप्याने लेखी संमतीने आणि कुठलाही मोबदला न घेता दिलेले भ्रूण वापरून बनलेल्या सेल लाइनवर संशोधन करायला निधी द्यावा. सिनेटमध्ये ते ६३ विरुद्ध ३७ मतांनी संमत झालं. बुश यांनी आपल्या कारकिर्दीतला पहिला नकाराधिकार त्यावर वापरला, आणि त्या वेळी त्यांच्याभोवती दत्तक घेतलेल्या गोठवलेल्या भ्रूणांतून जन्मलेली मुलं होती. त्या मुलांकडे पाहून कुणाचंही मन हलेल, आणि असे भ्रूण दत्तक घेणाऱ्या आईबापांबद्दल मला आदरच आहे. पण त्या सहीने आणखी किती भ्रूणांना आई मिळाली? ज्यांना दत्तक घ्यायचं होतं त्यांना विधेयकाने अडवलं नव्हतं, आणि ज्यांचे भ्रूण टाकले जाणार होते ते नकाराधिकारानंतरही टाकलेच जाणार होते. फक्त त्यांतल्या काहींचा उपयोग पार्किन्सनच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णासाठी होऊ शकला असता, तो झाला नाही.

सरकारने हात काढून घेतला की काय होतं, याचं उत्तर मूलपेशींच्या आधीच मिळालं होतं. १९७१मध्ये रॉबर्ट एडवर्ड्‌स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांना टेस्ट ट्यूब बेबीच्या कामासाठी ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने पैसा नाकारला. काम थांबलं नाही. खासगी देणगीवर चालू राहिलं आणि १९७८मध्ये पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्यानंतर ब्रिटनने धडा घेतला. १९९०मध्ये कायदा करून एक स्वतंत्र प्राधिकरण नेमलं, आणि तेव्हापासून तिथे सरकारी असो की खासगी, परवान्याशिवाय कुणालाही प्रयोगशाळेत मानवी भ्रूण तयार करता येत नाही. अमेरिकेने उलटी वाट धरली. या विषयावरच्या संशोधनाला केंद्राचा निधी हवा असेल तर एका नीती मंडळाची मंजुरी लागेल असा नियम होता; १९८०मध्ये ते मंडळच बरखास्त झालं, आणि पुढची तेरा वर्षं मंजुरी देणारं कुणी उरलंच नाही. म्हणून तिथे टेस्ट ट्यूब बेबी थांबल्या का? खासगी दवाखाने वाढत गेले. किती भ्रूण तयार करायचे, किती गोठवायचे, किती टाकायचे याची राष्ट्रीय नोंद कुणी ठेवली नाही. ४ लाखांचा आकडा पाहणी करून काढावा लागला तो त्यामुळेच. भ्रूणाच्या सन्मानासाठी सरकारला दूर ठेवलं, आणि भ्रूणांची साधी मोजदादही नसलेला देश तयार झाला.

मुंबईने याच काळात वेगळं करून दाखवलं. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तिथल्याच प्रजनन संशोधन संस्थेतले डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. महापालिकेचं रुग्णालय आणि सरकारी संस्था. म्हणून नोंदी होत्या, शास्त्रीय कागदपत्रं होती, प्रश्न विचारता येत होते. आपल्याकडचं पुढचं नियमन फार आदर्श झालं असं मी म्हणणार नाही. मूलपेशींच्या नावाखाली सिद्ध न झालेले उपचार विकणारे दवाखाने आपल्या शहरांत आहेत, आणि परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं असूनही त्यांना आवर घालणं जमलेलं नाही. पण नियमन तोकडं पडलं तर ते वाढवावं लागतं. मुळात नकोच म्हटल्याने त्या रुग्णांचं काय भलं होणार होतं?

बुश यांच्या धोरणाशी मुंबईचा आणखी एक धागा आहे. तारखेच्या आत बसणाऱ्या साठाहून अधिक सेल लाइन जगात आहेत, असं त्यांनी भाषणात सांगितलं होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नंतर यादी दिली तेव्हा तिच्यात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या सात आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्राच्या तीन सेल लाइनही होत्या. प्रत्यक्षात अमेरिकी संशोधकांच्या हाती वापरण्यासारख्या वीस-एकवीसच आल्या, आणि भारतातल्या त्यांत नव्हत्या. ज्या आल्या त्याही उंदराच्या पेशींच्या थरावर वाढवलेल्या होत्या, म्हणजे रुग्णाच्या शरीरात घालण्याच्या दृष्टीने अडचणीच्या. नव्या आणि अधिक शुद्ध सेल लाइन बनत होत्या, पण खासगी पैशावर. हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांनी २००४मध्ये सतरा नव्या सेल लाइन बनवल्या. अशा प्रयोगशाळांना केंद्राच्या पैशाने घेतलेला सूक्ष्मदर्शकही या कामाला वापरता येत नव्हता, म्हणून सामानाचे दोन वेगळे संच ठेवावे लागत. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी त्याच वर्षी सार्वमताने ३ अब्ज डॉलर मंजूर केले. भ्रूण वापरले जातच होते. देशभर एकच नियम लागू करण्याची संधी तेवढी गेली.

राहिला करदात्याच्या सदसद्विवेकाचा मुद्दा. मला जे हत्येसारखं वाटतं त्यासाठी माझ्या खिशातून पैसे का? हा सल खोटा नाही. पण क्वेकर पंथीयांना युद्ध हे पाप वाटतं आणि तरी त्यांच्या करातून सैन्य पोसलं जातं. जेहोवाज विटनेस पंथाचे लोक रक्त घेत नाहीत, तरी त्यांच्या करातून चालणारी मेडिकेअर ही सरकारी आरोग्य विमा योजना रक्ताचे पैसे भरते. प्रत्येकाच्या विवेकाला खजिन्यावर नकाराधिकार दिला तर लोकशाहीत अर्थसंकल्प मांडताच येणार नाही. शिवाय दूरच्या सहभागाचा विचार खुद्द कॅथलिक नीतिशास्त्राने बारकाईने केला आहे. रुबेलाची लस १९६०च्या दशकातल्या गर्भपातातून मिळालेल्या पेशींवर बनते. दुसरा पर्याय नसेल तर ती घ्यायला हरकत नाही, असं व्हॅटिकनच्या अकादमीने २००५मध्ये सांगितलं, आणि डिसेंबर २०२०मध्ये करोनाच्या लशींबाबतही तशीच भूमिका आली. तिथे दूरचा सहभाग क्षम्य ठरतो, मग कुणीतरी आधीच काढलेल्या पेशींवरच्या संशोधनाला लागलेला करातला अंश अक्षम्य का? त्यांचं उत्तर असं की लस जीव वाचवते आणि हे संशोधन फक्त आशा दाखवतं.

या उत्तरात तथ्य आहे, आणि आमच्या बाजूने इथेच सर्वांत मोठी चूक केली. २००४च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जॉन एडवर्ड्‌स यांनी, आम्ही निवडून आलो तर अपघातानंतर व्हीलचेअरला खिळलेल्या क्रिस्टोफर रीव्ह या अभिनेत्यासारखी माणसं खुर्चीतून उठून चालू लागतील, असं सांगितलं. हे सांगायला कुठलाच आधार नव्हता, आणि खिळून पडलेल्या माणसांशी असं बोलणं क्रूर होतं. कोरियातल्या ह्वांग वू-सुक यांनी क्लोन केलेल्या भ्रूणातून मूलपेशी मिळवल्याचा दावा केला तो बनावट निघाला. विरोधक म्हणत होते की थांबा, दुसरा रस्ता सापडेल, आणि तो सापडलाही: शिन्या यामानाका यांनी २००६मध्ये उंदराच्या आणि २००७मध्ये माणसाच्या साध्या पेशी मूलपेशींसारख्या करून दाखवल्या, आणि २०१२चं नोबेल मिळवलं. भ्रूण वापरावा लागू नये ही तळमळ त्यांनी स्वतः बोलून दाखवली आहे. मी ती मोलाची मानतो. पण कोणते जनुक चालू करायचे हे त्यांना कळलं ते भ्रूणीय मूलपेशींच्या अभ्यासातून, आणि नव्या पेशी खऱ्या मूलपेशींसारख्या वागतात की नाही हे तपासायची फूटपट्टीही त्याच पेशी होत्या. दुसरा रस्ता पहिल्याच रस्त्यावरून फुटला. आणि पहिला रस्ताही कुठे तरी पोचलाच. २०२५मध्ये भ्रूणीय मूलपेशींपासून बनवलेल्या स्वादुपिंडाच्या पेशी टाइप १ मधुमेहाच्या बारा रुग्णांना दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर त्यांतल्या दहा जणांना इन्सुलिनची गरज उरली नव्हती. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधं त्यांना घ्यावी लागतात, रुग्णसंख्या लहान आहे, हे सगळं खरं. तरी याला नुसती आशा आता म्हणता येत नाही.

भ्रूण म्हणजे बालकच, हे तत्त्व कायद्यात आलं की काय होतं, हे फेब्रुवारी २०२४मध्ये अलाबामात दिसलं. गोठवलेले भ्रूण अपमृत्यूच्या कायद्याखाली मुलं ठरतात असा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, दवाखान्यांनी उपचार थांबवले, आणि तीन आठवड्यांच्या आत त्याच राज्याच्या रिपब्लिकन विधिमंडळाने दवाखान्यांना संरक्षण देणारा कायदा केला. भ्रूणाला मूल मानणाऱ्या लोकप्रतिनिधींनीच शेजारपाजारच्या निपुत्रिक जोडप्यांसाठी तो कायदा मंजूर केला, आणि माणुसकीच्या दृष्टीने ते योग्यच केलं. मग हीच माणुसकी पार्किन्सनच्या रुग्णाला लागू करताना तत्त्व आड का यावं?

विरोधकांना वगळून हे सोडवावं असं मी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये २००१ साली मूलपेशी संशोधनाला परवानगी देणारे नियम आले आणि धार्मिक संघटनांनी आक्षेप घेतले, तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्‌सने चौकशी समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद ऑक्सफर्डचे बिशप रिचर्ड हॅरीज यांच्याकडे दिलं. समितीने फेब्रुवारी २००२मध्ये अहवाल दिला: चौदा दिवसांच्या आतल्या भ्रूणांवर परवान्याखाली संशोधन होऊ द्यावं, आणि अगदी अपवादात्मक गरज सिद्ध झाल्याशिवाय केवळ संशोधनासाठी भ्रूण तयार करू नयेत. तयार झालेली प्रत्येक सेल लाइन राष्ट्रीय पेशीपेढीत जमा करायची, ही पुढे परवान्याची अट झाली. त्या पेढीला पैसा सरकारने दिला.